डोंगरातल्या तलावाला फेरी: सायकल आणि पायपिटीची पहिली तयारी

डोंगरातल्या तलावाची फेरी नवख्या माणसाला सोपी वाटते ती पाण्यामुळे. पाणी सपाट, म्हणजे काठही सपाटच असणार, असं आपण धरून चालतो. पण तलाव म्हणजे पाण्यानं भरलेली दरी. तिच्या दोन्ही अंगांनी डोंगराच्या सोंडा उतरत येऊन पाण्यात बुडालेल्या असतात आणि दर दोन सोंडांमध्ये एक घळ असते. काठाची वाट सोंडेवर चढते, घळीत उतरते, ओढा ओलांडते आणि पुन्हा चढते. मोठा घाट कुठेच लागत नाही, पण वीस-पंचवीस मीटरचे चढ इतके येतात की दिवसाअखेर त्यांची बेरीज एखाद्या लहान डोंगराएवढी भरते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डोंगर चढताना दमलात तर परत फिरता येतं आणि परतीची वाट उताराची असते. फेरीत तसं नाही. अर्धं अंतर झालं की मागे फिरा किंवा पुढे जा, घर सारखंच लांब. म्हणून फेरीचा सगळा बेत या अर्ध्या टप्प्याभोवती आखायचा असतो. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

आधी नकाशा

सायकल नंतर, कपडे त्याहून नंतर. आदल्या संध्याकाळी नकाशा घेऊन बसा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा हवा. नुसते रस्ते दाखवणारा इथे कामाचा नाही. दोन रेषांमधलं अंतर किती मीटरचं आहे हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, बहुधा १० किंवा २०. रेषा २० मीटरची असेल आणि वाट किलोमीटरभरात पाच रेषा ओलांडत असेल, तर तो सरासरी १० टक्के चढ झाला. सामान लादलेल्या सायकलवर नवख्याला असा चढ बहुतेक वेळा उतरून ढकलतच न्यावा लागतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याला लागणारा वेळ आधी धरलेला हवा.

मग बोट तलावाच्या काठावरून फिरवा आणि पाण्याचे फाटे मोजा. ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे पाणी आत शिरलेलं असतं. काठाची वाट त्या फाट्याच्या टोकापर्यंत आत जाते आणि पलीकडून परत येते. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसत असतो आणि तिथे पोचायला अर्धा तास लागतो. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमध्ये कील्डर हा धरणाचा तलाव आहे, भोवती लावलेलं दाट जंगल आहे. त्याच्या काठानं चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी जी वाट आहे ती सुमारे ४२ किलोमीटरची. एवढी लांबी अशा फाट्यांत शिरून बाहेर येण्यातूनच होते. धरणाच्या तलावांचे काठ असे दातेरी असतात, कारण पाणी जुन्या ओढ्यांच्या घळींत चढलेलं असतं. काठावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर कधीच खरं मानू नका. वाटेवरून दोरा फिरवा किंवा ॲपमध्ये वाटेचीच रेघ काढा.

नकाशावर आणखी दोन खुणा करा. जिथे काठाची वाट पक्क्या रस्त्याला किंवा वस्तीला भिडते त्या जागा, म्हणजे फेरी अर्धवट सोडायची वेळ आली तर बाहेर पडायच्या वाटा. आणि परत फिरायची जागा. ती अर्ध्यावर नाही, अर्ध्याच्या अलीकडे, साधारण एकतृतीयांशावर ठेवा. तिथे पोचल्यावर घड्याळ, पाणी, पाय आणि आकाश या चारही गोष्टी तपासायच्या. एकही शंकास्पद वाटली तर तिथूनच मागे.

वेळेचं गणित

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही कामाला येतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. समजा काठावरून वरच्या कड्यापर्यंत ४ किलोमीटरची वाट आहे आणि चढ ४०० मीटरचा. ४८ मिनिटं अंतराची, ४० चढाची, मिळून साधारण दीड तास. पण हा सराईत, न थांबता चालणाऱ्याचा हिशेब. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्याची दीडपट धरावी, म्हणजे सव्वादोन तास, आणि खाण्यापिण्याचा, फोटोंचा वेळ वेगळा.

सायकलसाठी असा नियम नाही. कच्च्या, चढउताराच्या वाटेवर नवख्याला थांबे धरून तासाला दहा किलोमीटर पडले तरी उत्तम समजा. पक्क्या रस्त्यावरचा आपला वेग इथे विसरून जा.

सूर्यास्ताच्या वेळेवरही पूर्ण विसंबू नका. सूर्य क्षितिजाच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो आणि झाडीत त्याहून आधी अंधारतं. हात लांब ताठ करून डोंगराची कड आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटं धरा. एका बोटाला ढोबळमानानं पंधरा मिनिटं. चार बोटं उरली म्हणजे तासभर. हेडटॉर्च मात्र भर दुपारी निघालात तरी सोबत हवाच.

काय सायकलवर, काय पायी

माझं स्पष्ट मत: पहिल्याच वेळी पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी एका काठानं सायकल घेऊन एकतृतीयांश जा, तिथे सायकल लावा, पायी वरच्या सोंडेवर चढा आणि तिथून उरलेला सगळा काठ नीट पाहून घ्या. वरून वाट कुठे झाडीत शिरते, कुठे उघडी आहे, कुठे पाण्याला चिकटते, हे जे दिसतं ते कुठल्याही नकाशातून कळत नाही. दुसऱ्या खेपेला फेरी पूर्ण करा. ती किती सोपी जाते ते तुमचं तुम्हालाच जाणवेल.

फेरी कोणत्या दिशेनं घालायची याचाही विचार करावा. दोन काठ क्वचितच सारखे असतात. फ्रान्समधल्या आनसी तलावाची फेरी सुमारे ४० किलोमीटरची. तिचा पश्चिम काठ जुन्या रेल्वेमार्गावरून जातो म्हणून जवळजवळ सपाट, तर पूर्वेकडे तालोआरजवळ चांगलाच चढ. अशा ठिकाणी अवघड काठ सकाळी, पाय ताजे असताना उरकावा आणि सपाट काठ परतीला ठेवावा. फेरीचा बराचसा भाग वाहनांच्या रस्त्यावरून असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे तलाव डाव्या हाताला ठेवून निघालं की आपण पाण्याच्या कडेनं राहतो आणि डोंगराकडून येऊन मिळणारे रस्ते ओलांडावे लागत नाहीत. मात्र कठडा नसलेल्या कडेपासून हात-दोन हात आत राहा.

वाट नुसती चालणाऱ्यांसाठी असेल तर सायकल तिथे न्यायची नाही, ढकलतसुद्धा नाही, जोवर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल. जंगल संरक्षित असेल तर प्रवेशाच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या. सायकल लावताना कुलूप सांगाडा आणि मागचं चाक दोन्हींतून घाला, कोवळ्या झाडाला बांधू नका आणि जागेची खूण फोनमध्ये ठेवा. झाडीतून परत येताना सगळी वळणं सारखीच दिसतात.

सायकल

महागडी सायकल लागत नाही, सुस्थितीतली लागते. हायब्रिड (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी) किंवा साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद, एवढं पुरे. हवेचा दाब टायरच्या कडेवर लिहिलेला असतो; तो बहुधा कमाल दाब असतो. खडीवर आणि मुळांवर त्यापेक्षा बराच कमी ठेवला तर पकड चांगली मिळते आणि हाताला गचके बसत नाहीत. पण फार कमी केलात तर दगडाला आपटून ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

सीटच्या उंचीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि गुडघे दुखतात ते त्यामुळेच. भिंतीला धरून सीटवर बसा, पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. तीच योग्य उंची. खडकाळ, लांब उताराआधी सीट दोन-तीन बोटं खाली घेतली तर तोल बराच सावरतो.

निघण्याआधी सायकल जमिनीपासून वीतभर उचलून सोडा आणि कान द्या. काही खडखडलं तर ते शोधा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. भाड्याची असेल तर कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाचा, हे आधी पाहून घ्या. ते सगळीकडे सारखं नसतं आणि उतारावर हे कळणं फार उशिराचं ठरतं. सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), पंप, पॅच किट आणि ऍलन की (षटकोनी पाना). पंप आपल्या वॉल्व्हला बसतो का, हे घरीच बघा. पंक्चर झालं तर वाटेत ट्यूब बदला आणि फुटलेली घरी येऊन चिकटवा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काटा बहुतेक वेळा तिथेच रुतलेला असतो, आणि तो काढला नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. हे सगळं एकदा अंगणात करून पाहिलेलं असावं.

चढ लागण्याच्या आधी गिअर हलका करा. चढावर जोर देत असताना बदलायला गेलात तर चेन कुरकुरते, कधी उतरते. श्वास फुलायच्या आत वेग कमी करा. बोलता येईल इतपतच दमायचं. उतारावर नजर चाकावर नको, पुढच्या दहा-पंधरा मीटरवर हवी. पॅडल आडवी, शरीर थोडं मागे, कोपर सैल. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, कारण ब्रेक लावताना भार पुढे येतो. पण सुट्या खडीवर पुढचं चाक अडकलं की सायकल हातातून निसटते. म्हणून वेग वळणाआधी, सरळ असतानाच कमी करायचा आणि वळणात ब्रेक जवळजवळ सोडायचा. आडवी आलेली ओली मुळं काटकोनात ओलांडा. लाकडी साकवावर फळ्या लांबीच्या दिशेनं असतील तर चाक फटीत अडकू शकतं, उतरून चाला. ओढ्यातून गेल्यावर ब्रेक एक-दोनदा हलके दाबून कोरडे करून घ्या.

मागून चालणाऱ्यांना गाठलंत तर लांबूनच घंटी वाजवा आणि वेग कमी करा. सायकलवाल्यानं चालणाऱ्याला वाट द्यावी, आणि उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला, हा बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा रिवाज आहे. घोडा दिसला तर पूर्ण थांबा.

पायी

बूट नवे कोरे घालून जाऊ नका. पायाची नखं कापून घ्या, नाहीतर उतारावर अंगठे पुढे आपटून काळेनिळे होतात. टाचेला कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर फारसं काही करता येत नाही. पाण्याचा अंदाज तासाला अर्धा लिटर, ऊन असेल तर अधिक. घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी नको, मीठ-साखरही जायला हवी.

वाट चुकल्यासारखी वाटली की पाण्याकडे सरळ खाली उतरायचा मोह होतो. तलाव दिसतो आहे, काठ गाठला की झालं, असं वाटतं. पण काठालगत कडा असू शकतो, घसारा असू शकतो, आणि पाण्यापाशी वाट असेलच असं नाही. शेवटची खात्रीची खूण जिथे पाहिली तिथवर मागे या. गुरांच्या वाटा चांगल्या रुळलेल्या दिसतात, पण पाण्यावर जाऊन संपतात.

ओढा ओलांडताना अरुंद जागा शोधू नका, रुंद जागा शोधा. तिथे पाणी उथळ आणि संथ असतं. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. वेगानं वाहणारं गुडघाभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडतं. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर ओढा चढण्याआधी गढूळ होतो, काटक्या-पाला वाहून येऊ लागतो. तेव्हा अलीकडेच थांबा.

पाण्याच्या कडेला

धरणाच्या तलावाचं पाणी ओसरलं की फाट्यांमध्ये गाळाची मैदानं उघडी पडतात. वरचा थर उन्हानं वाळून भेगाळलेला, फिकट, चांगला टणक दिसतो. पलीकडचा काठ दोनशे मीटरवर आणि वाट मात्र दोन किलोमीटरचा वळसा घालून जाते. अशा वेळी आडवं जावंसं वाटतंच. थांबा आणि काठीनं टोचून बघा. पहिला थर कुरकुरत तुटतो आणि खाली काठी विनाअडथळा जाते. तो टणकपणा दुधावरच्या सायीइतकाच असतो. त्यात मांडीपर्यंत गेलेला पाय एकट्याला काढता येत नाही, आणि धडपडीनं तो आणखी रुततो. अडकलाच कोणी तर त्यानं मागे रेलून, जमेल तेवढं आडवं होऊन भार पसरावा, पाय हळूहळू हलवत मोकळा करावा. सोबत्यांनी जवळ न जाता फांदी किंवा दोर द्यावा.

पोहण्याबद्दलही आग्रहानं सांगतो. उन्हाळ्यात पृष्ठभागाचं पाणी कोमट लागतं, पण खोल तलावात त्याखाली थंड पाण्याचा थर असतो आणि दोन्ही सहसा मिसळत नाहीत. गार पाण्यात अचानक उडी घेतली की श्वास आपोआप आत ओढला जातो, त्यावर आपला ताबा नसतो, आणि त्या पहिल्या मिनिटात चांगले पोहणारेही बुडतात. शिवाय भरलेल्या दरीचा काठ दोन पावलांत खोल जातो आणि तळाशी जुन्या झाडांचे बुंधे असू शकतात. जीवरक्षक नसेल तिथे पाय भिजवावेत, एवढंच. धरणाच्या भिंतीजवळ आणि भिंतीखालच्या नदीपात्रात तर थांबूही नये. पाणी कधीही सोडलं जातं.

पिण्याचं पाणी तलावातून घ्यायची वेळ आली तर खळखळून उकळा: एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. पण पाण्यावर हिरवट-निळसर तवंग किंवा दाट साका दिसला तर ते उकळूनही पिऊ नका. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते जिवाणू, असू शकतात आणि त्यांचं विष उकळल्यानं जात नाही.

शौचाला जायचं तर पाणी, वाट आणि ओढा यांपासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून, आणि कागद परत पिशवीत. याबाबत मी कोणतीही सवलत मानत नाही. तलावात जे वाहून जातं ते कोणाच्या तरी घशाखाली जातं.

हवा

सकाळी काठावर धुकं असतं, कारण रात्री हवा पाण्यापेक्षा लवकर थंड होते. सायकलला पुढे-मागे दिवा हवा तो यासाठीही. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा वर जाऊ लागते आणि तलावावरून गार वारा जमिनीकडे सुटतो. दुपारनंतर उघड्या काठावर तो बराच जोर धरतो. म्हणून उघडा काठ सकाळी, झाडीतला भाग दुपारी, असं जमलं तर बघा. वर चढणार असाल तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, हे धरून एक जादा थर घ्या.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. डोंगरधार, उघडा काठ आणि एकटं उंच झाड सोडा. पक्की इमारत किंवा बंद गाडी जवळ नसेल तर सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडीत, सायकलपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून अंतर ठेवून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी हलू नका.

अडचण आली तर

निघण्याआधी घरी कोणाला तरी वाट, दिशा आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी मदत बोलवायची तेही. डोंगरात मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. रात्री टॉर्चनं तसेच सहा झोत. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. ११२ हा क्रमांक मोबाइलच्या यंत्रणेत आपत्कालीन म्हणूनच धरलेला असतो, त्यामुळे आपलं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. घळीत फोन बहुधा लागत नाही. सोंडेवर येऊन लावा. थंड हवेत बॅटरी लवकर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. जखमी माणसाला एकटं सोडून सगळ्यांनी मदतीला धावू नये. एकानं थांबावं, त्याच्या अंगाखाली आणि वर कपडे घालावेत. जमिनीतून जाणारी ऊब वाऱ्यानं जाणाऱ्या उबेपेक्षा लक्षात उशिरा येते.

परतल्यावर

बुटांच्या आणि टायरच्या खाचांतला चिखल तिथेच, तलावाबाहेर झाडून काढा आणि घरी सगळं धुऊन पूर्ण वाळवा. बिया, शेवाळाचे तुकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या ओल्या चिखलातून एका तलावातून दुसऱ्यात जातात आणि तिथल्या मूळच्या जिवांना हुसकावून लावतात. चेन पुसून दोन थेंब तेल घाला, जादा पुसून टाका. अंगावर गोचीड सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिरगळू नका. मग नकाशा पुन्हा काढा आणि प्रत्येक टप्प्याला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते पेन्सिलनं त्यावर लिहून ठेवा. पुढच्या खेपेचा बेत त्याच आकड्यांवरून आखता येईल.